घरावर टाकी पुरे, नहर कशाला?



रविवार सकाळ. आज आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस. बाहेरगावच्या लोकांसाठी खुलासा: आमच्या संभाजीनगरात (आमची आजी अजून औरंगाबादच म्हणते, तिला कोण सांगणार) रोज नळाला पाणी ही गोष्ट माझ्या पिढीने पाहिलेलीच नाही. पाण्याचा दिवस असतो, आणि त्या दिवशी घरातल्या एका माणसाची मोटरीच्या बटणापाशी ड्युटी असते. आज ती माझी आहे. खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलोय. नळ आला की उठावं लागेल, त्यामुळे नेहमीसारखं पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो (बघू जमतंय का).

काल संध्याकाळी माझ्याच कॉलेजातल्या फायनल इयरच्या एका पोराचा फोन आला. त्याचा प्रोजेक्ट म्हणजे होस्टेलच्या मेसचा हिशोब. कोण जेवलं, कोणाचे किती खाडे, महिन्याचं बिल किती. मुलं एकशेवीस.

"दादा, क्लाउडवर कुबरनेटिसचं क्लस्टर उभं करायलोय. तीन नोड पुरतील का पाच घेऊ?"

"कशाला रे?"

"उद्या लोड वाढला तर?"

"मेस आहे ना ती? वाढून वाढून एकशेविसाचे दीडशे होतील."

"तसं नाही दादा... इंटरव्ह्यूला विचारतात."

हे शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं आहे. आणि सगळ्या दुखण्याचं मूळही तेच. म्हणून आज जरा भांडायचा मूड आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांमध्ये उभी राहिलेली बरीचशी क्लस्टर्स ही कामासाठी नसून रेझ्युमेसाठी आहेत. त्याचे पैसे भरतो क्लायंट, आणि त्यासाठी रात्री जागतो तो आपल्यानंतर आलेला ज्युनिअर. हे मी कुणाकडे बोट दाखवून म्हणत नाहीये. मी स्वतः हे केलंय. ते पुढे येईलच.

आधी ज्यांचा आयटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपण लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका डब्यात भरलं की झाला कंटेनर. घरचा डबा कसा, कुठेही उघडा, आत भाजी-पोळी तीच. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे डबे भरणं कुणालाही जमायला लागलं. पण डबे शेकडो-हजारो झाले की कोणता डबा कोणत्या मशीनवर ठेवायचा, एखादा सांडला तर दुसरा कुठून आणायचा, एक मशीन मेलं तर त्यावरचे डबे कुठे हलवायचे, हे बघायला मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे कुबरनेटिस. ग्रीक भाषेत सुकाणू धरणारा. गुगलने २०१४ च्या जूनमध्ये तो जगाला खुला केला, २०१५ च्या जुलैमध्ये १.० आवृत्ती आली.

आता हा मुकादम कुठल्या घराण्यातला ते बघा. गुगलकडे आधीपासून बोर्ग नावाची यंत्रणा होती. त्यावर त्यांनी २०१५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात एकेका क्लस्टरमध्ये हजारो, काही ठिकाणी दहा-दहा हजारांच्या पटीत मशिन्स असल्याचं लिहिलंय. त्या अनुभवातून कुबरनेटिस जन्माला आलं. त्याच्या अधिकृत कागदपत्रांत लिहिलंय की एक क्लस्टर ५,००० नोड आणि दीड लाख पॉडपर्यंत चालेल अशी रचना आहे. पाच हजार! आणि आपला पठ्ठ्या विचारतोय तीन घेऊ का पाच.

तर आता माझी गोष्ट.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी इथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. सात-आठ माणसं, एक फ्लॅट, एक एसी. आमचा एक जुना क्लायंट होता वाळूजला. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्या भागात सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉप्सची रांग लागली, त्यातलंच एक समजा. त्यांचं जॉबवर्कची चलनं, स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. वापरणारी माणसं पस्तीस. आधी ते सॉफ्टवेअर त्यांच्या ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका पीसीवर होतं. यूपीएसवर धूळ, खंडेनवमीला पीसीला झेंडूचा हार. अकाउंटवाले काका रोज संध्याकाळी डेटाबेसची कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्यायचे. हसू नका. याला इंग्रजीत भारी नाव आहे, आणि त्या काकांचा बॅकअप एकदाही चुकला नव्हता.

पुढे आम्ही ते क्लाउडवर एका साध्या व्हर्च्युअल मशीनवर नेलं. इथपर्यंत ठीक. पीसी जळाला तर काय, चोरीला गेला तर काय, हे प्रश्न सुटले. महिन्याचं भाडं दीड-दोन हजार. मालक खूश.

मग २०२२ मध्ये मला किडा चावला. पुण्यातले मित्र फोनवर "पॉड", "हेल्म", "इन्ग्रेस" बोलायचे आणि मी इकडे पीएचपीच्या फाइल कॉपी-पेस्ट करत बसलेलो. मग मी मालकांना जाऊन एक प्रेझेंटेशन दिलं. "हाय अव्हेलेबिलिटी", "झिरो डाउनटाइम", "फ्युचर रेडी". मालक मेटलर्जीवाला माणूस. म्हणाले, "इंजिनिअर साहेब, तुम्हाला कळतं, करा." तीन शनिवार-रविवार बसून मी क्लस्टर उभं केलं. इमेज बनवल्या, रजिस्ट्रीत टाकल्या, नेटवर्क आखलं, दोन नोड उभे केले, लोड बॅलन्सर लावला, सर्टिफिकेट लावलं. चांगल्या चालणाऱ्या एका प्रोग्रॅमचे सहा तुकडे केले आणि डेटाबेसही त्याच क्लस्टरमध्ये नेऊन बसवला. यॅमलच्या फाइली झाल्या एकेचाळीस. सगळे पॉड हिरवे दिसले त्या रात्री मी जो काही नाचलो! खोटं कशाला बोलू, मजा आली. आयुष्यात शिकताना एवढी मजा फार कमी वेळा आली असेल.

बिल? दीड-दोन हजारांचं अठरा हजारांच्या आसपास गेलं. पस्तीस माणसांना आधी जे दिसत होतं तेच आताही दिसत होतं. एक बटणसुद्धा वाढलं नव्हतं.

सहा महिन्यांनी मला पुण्याच्या कंपनीची ऑफर आली. इंटरव्ह्यूत चाळीस मिनिटं त्याच क्लस्टरवर बोललो. पगार दुपटीच्या जवळ गेला. घरून काम, त्यामुळे राहायला इथेच. आणि क्लस्टर? ते राहिलं तिकडेच. माझ्या जागी आलेल्या ज्युनिअर मुलीला मी दोन दिवसांत "हँडओव्हर" दिला. दोन दिवसांत! मला उभं करायला तीन वीकेंड आणि त्याआधी चार महिन्यांचा अभ्यास लागला होता.

२०२४ चा मार्च एंड. रात्री साडेनऊला तिचा फोन.

"दादा, डेटाबेसचा पॉड पेंडिंगच दाखवायलाय. सात वाजल्यापासून. चलनं निघेनात. दोन टेम्पो गेटवर उभे आहेत आणि साहेब मला ओरडायलेत."

झालं होतं असं. क्लाउडवाल्यांचा ईमेल आला होता की तुमची कुबरनेटिसची आवृत्ती जुनी झाली, लवकर अपग्रेड करा. तिने शहाण्यासारखं वाचून, नियमाप्रमाणे अपग्रेड केलं. अपग्रेडमध्ये जुने दोन नोड गेले, नवे दोन आले. आता क्लाउडचं एक केंद्र म्हणजे एकच इमारत नसते, एकमेकांपासून अंतरावरचे दोन-तीन वेगळे झोन असतात. आमची डेटाबेसची डिस्क होती पहिल्या झोनमध्ये. नवे नोड उगवले दुसऱ्या आणि तिसऱ्या झोनमध्ये. असली डिस्क आपला झोन सोडून दुसरीकडच्या मशीनला जोडता येत नाही. म्हणजे टाकी एका बिल्डिंगच्या गच्चीवर आणि नळ शेजारच्या बिल्डिंगमध्ये. मुकादम बिचारा "जागा मिळत नाही" म्हणून थांबलेला. पहिल्या झोनमध्ये एक नोड उभा केला की काम होणार होतं. आणि झालंही, पंधरा मिनिटांत. पण ते पंधरा मिनिटांचं काम माहीत असायला ती पोरगी अडीच तास इंग्रजी एररच्या ओळी शोधत एकटी बसली होती. (क्लाउड कोणतं ते सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. डिस्क एकाच झोनला बांधलीय आणि नोडवर तसं काहीच बंधन घातलेलं नाही, ही चूक माझी.)

टेम्पो गेले. तिने थँक्यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलणी बसली. मला नाही. माझ्या रेझ्युमेवर ती ओळ अजून चकाकत होती: "कुबरनेटिसवर प्रॉडक्शन क्लस्टर यशस्वीपणे उभारले."

त्या दिवसापासून हे डोक्यात बसलंय. मी क्लायंटच्या पैशाने माझा रेझ्युमे लिहिला, आणि त्याचा हप्ता दुसऱ्या कुणाच्या झोपेतून गेला. याला तांत्रिक निर्णय म्हणायचं? मला तरी दुसरा शब्द आठवतो, पण घरात आई हे वाचते. :-)

आता नेहमीचे युक्तिवाद एकेक करून घेऊ.

"अरे पण क्लाउडवाले सगळं मॅनेज करतात ना!" काय मॅनेज करतात? मुख्यतः मुकादमाचं ऑफिस, म्हणजे कंट्रोल प्लेन. त्याचंही भाडं आहे. ॲमेझॉनच्या ईकेएसच्या आणि गुगलच्या जीकेईच्या जाहीर दरपत्रकात क्लस्टरमागे तासाला १० सेंट लिहिलेत. महिन्याचे ७३ डॉलर, म्हणजे सहा हजार रुपयांच्या वर, आणि अजून तुमचा एक डबाही उघडलेला नाही. (गुगल एका छोट्या क्लस्टरपुरती सूट देतं, मायक्रोसॉफ्टकडे फुकटची पायरी आहे, हेही सांगायला हवं.) मशिन्स वेगळी, लोड बॅलन्सर वेगळा, बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा दरवाजा वेगळा, वर जीएसटी. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि एकेकीला दुरुस्त्या मिळतात साधारण चौदा महिने. ईकेएसवर आवृत्ती जुनी ठेवून मुदतवाढीत गेलात तर दर तासाला १० सेंटचा ६० सेंट होतो. सहापट! महिन्याला ४३८ डॉलर, पस्तीस हजारांच्या पुढे. म्हणजे आळसाचंही दरपत्रक आहे. वाळूजच्या वर्कशॉपला दरवर्षी अपग्रेड करणारा माणूस कोण देणार?

आणि वर जोडलेले सुटे भाग वेगळेच. इन्ग्रेस एनजिनएक्स नावाचा भाग घ्या. बाहेरची रहदारी आत आणणारं फाटक. जगभरात असंख्य क्लस्टर्सना हेच फाटक होतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कुबरनेटिसच्याच मंडळींनी जाहीर केलं की मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढं बघू, त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा नाहीत. कारण काय, तर वर्षानुवर्षं एक-दोन माणसं फावल्या वेळात ते सांभाळत होती. त्यांचा काही दोष नाही, उलट त्यांना दंडवत. पण मोठ्या कंपनीत असं झालं की फाटक बदलायला एक टीम बसते. आपल्याकडे कोण बसणार? तीच ज्युनिअर.

"पण एक मशीन बंद पडलं तर?" पडेल. वर्षातून कधीतरी पडेलच. मग चालू करायचं. नाहीच झालं तर रात्रीचा बॅकअप नव्या मशीनवर उतरवायचा. हे काम कागदावर पंधरा ओळींत लिहून ठेवता येतं आणि महिन्यातून एकदा करून बघता येतं. यंत्रणा किती वेळा पडते याच्याइतकंच ती पडल्यावर हजर माणसाला किती वेळात उभी करता येते हेही महत्त्वाचं. माझं "झिरो डाउनटाइम" क्लस्टर मार्च एंडला पावणेतीन तास बंद होतं. कोपऱ्यातला तो हारवाला पीसी एवढा वेळ बंद राहिल्याचं मला आठवत नाही.

"मग शिकायचं कधी?" आजच शिका! माझ्या कुबरनेटिसशी काही भांडण नाही. लॅपटॉपवर मिनीक्यूब टाका, काइंड टाका, जुन्या दोन मशीनवर के३एस लावून बघा. मुद्दाम नोड मारा, डिस्क काढून घ्या, काय रडतं ते बघा. स्वतःच्या वीकेंडला, स्वतःच्या विजेवर. क्लाउडवरच करायचं असेल तर सकाळी उभं करा आणि रात्री झोपायच्या आधी पाडा. (पाडायला विसरू नका. कसं माहीत, विचारू नका.) डॉक्टर पोरंसुद्धा शिकतातच की, पण शिकायचंय म्हणून सर्दीच्या पेशंटचं पोट उघडत नाहीत.

"कंपन्या मागतात त्याचं काय?" हा खरा मुद्दा, आणि इथे चूक पोरांची नाही, आमची आहे. जाहिरात दोन वर्षं अनुभवाची, काम फॉर्म आणि रिपोर्टचं, आणि अट कुबरनेटिसची. मग पोरगं काय करणार? मेसच्या खाड्यांना क्लस्टर लावणार. आता मीही अधूनमधून इंटरव्ह्यू घेतो. "क्लस्टर कसं उभं केलं" हे विचारणं मी सोडलंय, ते पाठ करून येता येतं. मी विचारतो, "शेवटचं कधी आणि कुठे वापरायचं नाही असं ठरवलंत?" बरेच जण गप्प होतात. जो उत्तर देतो त्याच्याशी मग गप्पा रंगतात.

मग हे कुणाला लागतं? लागतं ना. डझनभर टीम, प्रत्येकीच्या पाच-दहा सर्व्हिसेस, दिवसाला वीस वेळा नवा कोड वर जातो, सणाच्या दिवशी गर्दी दहापट, आणि क्लस्टर सांभाळणं हेच ज्यांचं काम अशी चार-सहा माणसं पगारावर. तिथे कुबरनेटिस नाही वापरलं तर वेडे व्हाल. माझी आत्ताची कंपनी तशी आहे, आणि तिथे मी ते आनंदाने वापरतो.

आमच्या गावाला हे समजायला अवघड जाऊ नये. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने या शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणलं. पंप नाही, काही नाही. कोंडलेली हवा सुटायला आणि दाब सांभाळायला जागोजागी उंच मनोरे. अक्षरशः डोकं चालवलंय. पण ती बांधली अख्ख्या राजधानीसाठी, आणि ती चालली तोवर कुणीतरी ती साफ करत होतं, बुजलेलं उकरत होतं. नहर छान आहे म्हणून आमच्या गल्लीत कुणी आपापल्या घराला डोंगरापासून नहर खणत नाही. प्रत्येक घरावर एक काळी टाकी आहे. चार माणसांचं कुटुंब, हजार लिटर, एक मोटर, एक कॉक. बिघडलं तर शेजारचा प्लंबर अर्ध्या तासात येतो आणि बघताक्षणी त्याला कळतं काय झालंय.

हीच माझी कसोटी आहे. क्लस्टर उभं करायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, आत्ताच्या एका मशीनला नेमकं काय झेपत नाहीये? (आकडा सांगा. "उद्या" हा आकडा नाही.) दोन, रात्री साडेनऊला बिघडलं तर हजर असलेल्या माणसाला हे उघडून कळेल का? तीन, हे बिल मला माझ्या खिशातून भरायचं असतं तर मी हेच केलं असतं का? तिन्हींची उत्तरं नीट आली तर बिनधास्त करा. नाहीतर एक मशीन, एक डेटाबेस, रोजचा बॅकअप. आणि बॅकअप खरंच परत उतरतो का ते बघणं.

वाळूजच्या क्लायंटचं काय झालं? त्या ज्युनिअरनेच गेल्या वर्षी मालकांना समजावलं आणि सगळं परत एका मशीनवर आणलं. मला विचारलं होतं, "दादा, तुम्हाला राग नाही ना येणार?" मी उलट एक रविवार तिच्यासोबत बसून सहा तुकडे परत एकत्र जोडले. माझ्या एकेचाळीस फाइली डिलीट करताना थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. बिल पुन्हा दोन हजारांच्या आत आहे. तिचा रात्रीचा फोन त्यानंतर आलेला नाही.

मेसवाल्या पोराला काल एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, एका मशीनवर कर, आणि इंटरव्ह्यूला विचारलं तर हेच सांग की एकशेवीस मुलांसाठी लागत नव्हतं म्हणून नाही वापरलं. तो म्हणाला, "आणि रिजेक्ट केलं तर?" यावर माझ्याकडे छातीठोक उत्तर नव्हतं. म्हटलं, लॅपटॉपवर शिकून ठेव, विचारलं तर दाखव, पण मेसच्या सेक्रेटरीला अठरा हजारांचं बिल दाखवू नकोस.

बाकी पुढच्या वीकेंडला. नळाला सुंसुं आवाज यायलाय, हवा निघतेय म्हणजे मागून पाणी आलंच. मोटर लावायला पळतो.